पाणी फिरेपर्यंत

१

धनेशची नाइट शिफ्ट असली की आमच्या घरात दिवस कुजबुजत जायचा. तो सकाळी कंपनीतून यायचा, चहा-चपाती खाऊन आतल्या खोलीत झोपायचा, आणि मग दुपार उतरेपर्यंत मी भांडंसुद्धा हळू ठेवायचे. रोह्याच्या अष्टमी गावात, कुंडलिकेच्या पुलाजवळ, कृष्णाबाईंच्या माडीवर आमच्या दोन खोल्या. लग्नाला वर्ष होत आलेलं. पेणच्या कॉलेजात बी.ए. केलेलं, पण नोकरी नाही, मूल नाही, ओळखपाळख नाही. त्यात माझा स्वभाव असा, की मीच लावलेल्या कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकायचे. कंपन्यांचा भोंगा झाला की हातातलं काहीतरी खाली पडायचंच.

"तुला घाबरवायला भूत कशाला पाहिजे," धनेश म्हणायचा, "घड्याळाचा काटा पुरे."

दोन हजार एक सालच्या पावसाळ्यात त्याने ऑफिसातून निकालात काढलेला एक कंप्यूटर घरी आणला. त्याच्यात कुणीतरी एक गेम टाकून दिला होता. गेम म्हणजे मोठ्यांची भातुकलीच. छप्पर काढलेल्या डब्यासारखं एक घर वरून दिसायचं आणि आत एक माणूस. त्याला जेवू घालायचं, झोपवायचं, आंघोळीला पाठवायचं. खाली पट्ट्या असायच्या, भुकेची, झोपेची, आनंदाची. त्या हिरव्या ठेवायच्या, लाल होऊ द्यायच्या नाहीत. बस्स, एवढंच.

माणूस आपण घडवायचा. मी पांढरे केस निवडले, निळा शर्ट, जरा वाकलेली पाठ. नाव विचारलं तेव्हा विचार न करता इंग्रजीत 'पुंडलिक' टाइप केलं.

धनेश मागे उभा राहून हसला. "सासरेबुवांना कंप्यूटरात कोंडलंस काय?"

पुंडलिक म्हणजे माझे आबा. पेणच्या खारेपाटात, खाडीच्या बांधाजवळच्या आमच्या घरात ते एकटेच राहायचे. आई जाऊन तीन पावसाळे झाले होते. मी किती वेळा म्हटलं, रोह्याला या. ते यायचे नाहीत. तेव्हा निदान एका पुंडलिकाला तरी मी वेळेवर जेवू घालणार होते, दुपारचं आडवं करणार होते.

२

पण तो ऐकेना.

ताट वाढावं तर दोन घास खाऊन उठायचा. पलंगाकडे पाठवावं तर अर्ध्या वाटेतून वळायचा. मी माउस आपटायचे, मग आतल्या खोलीतून धनेशने कूस बदलल्याचा आवाज यायचा आणि मी श्वास धरून बसायचे. एवढ्या मोठ्या बाईला एक बोटभर माणूस जुमानत नाही, याचा मला खरोखरचा राग यायचा. रडूसुद्धा यायचं.

आणि जायचा कुठे, तर मागच्या दाराकडे. त्या घराला पुढे एक आणि मागे एक दार होतं. मागच्या दारापलीकडे गेममध्ये काहीच नव्हतं, नुसता काळा पडदा. तो दार उघडायचा, काळ्यात शिरायचा, दिसेनासा व्हायचा. बऱ्याच वेळाने परत यायचा तेव्हा फरशीवर निळे डाग पडलेले असायचे, ओल्या पायांचे असावेत तसे. ते मलाच पुसावे लागायचे.

आधी वाटलं, गेम खराब आहे. चोरून उतरवलेला गेम, कुठेतरी काहीतरी तुटलं असणार. पण तुटलेली वस्तू कशीही वागते, आणि हा कसाही वागत नव्हता. गेममधलं घड्याळ भराभर पळायचं, त्यात जेवायच्या आत रात्र व्हायची. तो मात्र जायचा आमच्या भिंतीवरच्या घड्याळाने. एके दिवशी दुपारी बाराला गेला, दुसऱ्या दिवशी पाऊण वाजता, तिसऱ्या दिवशी दीडच्या सुमाराला. रोज पाऊण तास पुढे.

मी तांदूळ निवडत होते. हात थांबला. उठून कॅलेंडर पाहिलं. ज्या दिवशी तो बाराला गेला ती अमावस्या होती.

खारेपाटात शेंबडं पोरसुद्धा तिथीवरून भरती सांगतं. अमावस्या-पुनवेला भर दुपारी पाणी चढतं, मग रोज तेवढंच उशिरा. आमच्या भातशेतीच्या आणि खाडीच्या मध्ये मातीचा बांध आहे, आणि बांधात उघाडी, म्हणजे पावसाचं पाणी बाहेर सोडायची मोरी. तिला लाकडी झाप असतो. ओहोटीला उघडायचा, भरतीच्या आधी घट्ट बसलाय का ते जाऊन बघायचं, नाहीतर खारं पाणी शेतात. गावात घरटी राखणीची पाळी असते. आई गेल्यापासून आबा सगळ्यांच्याच पाळ्या करत होते. पाणी ओसरायला लागलं की बांधावरून हाळी द्यायची, "पानी फिरलंऽऽ". ती ऐकू आली की घराघरांतल्या बायका निवांत व्हायच्या.

मी स्वतःला समजावलं. पूजा, तू शिकलेली आहेस. तूच त्याला आबांसारखा केलास, म्हणून तुला त्याच्यात आबा दिसतात. यंत्राला कसली आलीय तिथी?

पटलं. तरी त्या संध्याकाळी पडदा बंद करताना मी त्यावर टॉवेल टाकला. झोपलेल्यावर पांघरूण घालतात तसा.

३

पुढच्या रविवारी आम्ही गावी गेलो. नागोठण्याला गाडी खोळंबली, गडबच्या पुढे पावसाने काही दिसेना, पोचेपर्यंत दुपार कलली होती. आबा बांधावरून येत होते, गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर फावडं. मला बघून त्यांनी तसाच हात माझ्या डोक्यावर ठेवला. लहानपणापासूनची खोड. आई ओरडायची, पोरीच्या डोस्क्याचं शेत करून ठेवलंय.

"आबा, केस!"

"ऱ्हाऊ दे गो. चिखल हाय, डांबर नाय."

मी जेवण वाढलं. ते दोन घास खाऊन थांबले आणि माझ्याकडे विचित्र बघायला लागले.

"काय झालं?"

"काय नाय." मग हसत, "हल्ली ना बाय, जेवताना वाटतं कुनीतरी ताट पुढं सारतंय. उठाया लागलो की सारतंय. दुपारचं सारखं कानात, निजा, निजा. तुझी आय तर कंदी निजा म्हनाली नाय मला. ती म्हनायची, उठा."

धनेश हसला. मला हसता आलं नाही.

मग आबा त्याला उघाडी दाखवायला घेऊन गेले. मीही मागे गेले. आमच्या घराचं मागचं दार बाहेरच्या अंगाला उघडतं आणि तिथून पायवाट थेट बांधावर जाते. उघाडीच्या दगडी बांधकामाला चीर गेली होती, माझा हात आत जाईल एवढी. झापाजवळ पाणी गोल फिरत होतं.

"हे पडणार, आबा," धनेश म्हणाला.

"पडंल तवा पडंल. पडताना कुनीतरी जवळ नको?"

"कशाला हवं?" मी ओरडलेच. "तुम्ही रोह्याला चला. आजच्या आज."

"आनि तिकडं काय करू? तुझ्या त्या टीव्हीतल्या मान्सासारखा बसू?"

मी धनेशकडे पाहिलं. त्याने मान हलवली. गेमबद्दल आबांना आम्ही दोघांनीही काही सांगितलं नव्हतं.

"कुठला माणूस, आबा?"

ते झापाकडे बघत होते. "पानी चढाया लागलं," एवढंच म्हणाले, आणि आम्हाला एसटीला पिटाळलं.

४

नारळी पुनव आली. वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी एक, आणि ते भर दुपारी. सकाळपासून पाऊस धरून होता. धनेश नाइट करून आला आणि नारळीभाताचा घास न घेताच झोपला. मी कंप्यूटर लावला.

पुंडलिकाच्या पट्ट्या लालभडक होत्या. तरी मागच्या दाराकडे चालायला लागलेला. मी त्याला जेवायला बसवलं, उठला. पलंगावर टाकलं, उठला. पुन्हा टाकलं, पुन्हा उठला. घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते. माझ्या डोळ्यांसमोर ती चीर होती, माझा हात आत जाईल एवढी.

गेममध्ये सामान इकडचं तिकडे करता यायचं. भिंतीला एक मोठं कपाट होतं. मी ते ओढलं आणि मागच्या दाराला लावून टाकलं.

तो कपाटापाशी आला. थांबला. उजवीकडे गेला, डावीकडे गेला. मग त्याने मान वर केली, थेट माझ्याकडे, आणि दोन्ही हात वर करून हलवायला लागला. गेममधली माणसं अडकली की असंच करतात, ते मला माहीत होतं. त्याच्या डोक्यावर फुग्यात दाराचं चित्र उमटलं. पुसलं गेलं. पुन्हा उमटलं.

मला बघवेना. मी जमिनीवर बसले, आमच्याच लोखंडी कपाटाला पाठ टेकून, तोंडावर पदर घेऊन, आवाज न करता रडत. आणि तेव्हा पाठीला कळलं.

कपाट हललं नाही. हललं असतं तर आतले हँगर वाजले असते. पण माझ्या पाठीवर एक दाब आला, हलका. पलीकडून कुणीतरी दार लोटून बघावं तसा. सुटला. पुन्हा आला, थोडा जास्त. मी दचकले तेव्हा बांगड्या कपाटावर आपटून वाजल्या, आणि दाब एकदम थांबला.

मी उठायला हवं होतं. उठले नाही. पाठ आणखी घट्ट लावली आणि पुटपुटले, "निजा ना हो, आबा. आजच्या दिवस निजा."

नंतर पाठीला काहीच कळलं नाही. फक्त ऊब. पलीकडूनही कुणी पाठ टेकून बसल्यासारखी.

डोळा कधी लागला कोण जाणे. कृष्णाबाईंच्या हाकेने जागी झाले. "अगो पूजा, पेणवरनं फोन हाय! धाव!"

फोनवर काशीबाई होती, आबांची शेजारीण. धापा टाकत होती. "बांध गेला गो! उघाडीसकट गेला! मोठी खांड पडली, पानी पार घरांपातूर आलंय..."

"आबा?"

"तेच तं सांगतंय. आमी समदे बोंबलत गेलो, म्हनलं पुंडलिकदादा गेला वाहून. तं हा घरात. मागच्या दाराला पाठ लावून बसलाय. उठंना, बोलंना. पानी पायाशी आलं तरी दारावर हात ठेवून बसलाय."

५

आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. जिथे भात हिरवंगार होतं तिथे राखाडी पाण्याची चादर. उघाडी होती तिथे काहीच नव्हतं, बांधाला मोठी थोरली फट आणि तिच्यातून खाडी सरळ दिसत होती. माणसं काठावर उभी होती. एकजण म्हणाला, बांध वरून नाय फुटला, खालनं बसला. वर जो असता तो खाली गेला असता.

आबा ओटीवर चहा घेत होते. मला बघून त्यांनी आधी माझे हात पाहिले. बांगड्या मोजल्यासारखे.

"लागलं नाय ना तुला?"

"मला काय लागणार? मी रोह्याला होते."

"असशील." त्यांनी बशी खाली ठेवली. "मी निघालो व्हतो. मागचं दार उघडंना. म्हनलं पावसानं फुगलं. जोर केला. तं पलीकडनं बांगड्या वाजल्या."

धनेश काहीतरी बोलणार होता. मी त्याचा हात धरला.

"तू रडत व्हतीस," आबा म्हणाले. "दाराला पाठ लावून. लहानपनी रुसलीस की बसायचीस ना तशी. मी तिसऱ्यांदा रेटलं असतं तं दार निघालं असतं. पन पलीकडं तू."

"मग पुढच्या दाराने का नाही गेलात?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसं मी काहीतरी वेडगळ विचारलं होतं.

"तुला तशी रडत सोडून?"

६

आता ते रोह्याला आले. नाही म्हणाले नाहीत, त्याचंच मला वाईट वाटलं. मी जे जे मागितलं होतं ते सगळं मिळालं. आबा वेळेवर जेवायचे, ताट रिकामं करायचे. दुपारी आडवे व्हायचे. कृष्णाबाई म्हणायच्या, "बाबांचं कसं गोमटं झालंय, नाय?"

गोमटं झालं नव्हतं. रोज, पाऊण तास पुढे पुढे, ते उठायचे आणि आमच्या बंद दारासमोर जाऊन उभे राहायचे. कडीला हात लावायचे नाहीत. नुसते उभे. मी हाक मारली की ओळख पटायला थोडा वेळ लागायचा. एकदा विचारलं, आबा, कुठे जायचंय? म्हणाले, "कुटं नाय. तू हायस ना पलीकडं."

"मी इकडे आहे, आबा. तुमच्या मागे."

"व्हय," ते म्हणाले, दाराकडेच बघत.

कंप्यूटर मी पुनवेपासून लावला नव्हता. टॉवेल तसाच होता.

गावाने भांगाच्या दिवसांत, पाणी कमी चढतं तेव्हा, माती आणि दगड ओतून खांड बुजवली. नवी उघाडी बसवली. निरोप आला की सर्वपित्री अमावस्येच्या उधाणाला बांधाची परीक्षा आहे, माणसं हवीत. आबांनी पिशवी भरली.

मी रडले, भांडले, पिशवी लपवली. धनेश मध्ये पडला, "अगं, जाऊ दे त्यांना. इथे काय राहिलंय त्यांचं, बघतेस ना?"

एसटीत चढताना आबा थांबले. कंडक्टर ओरडत होता.

"बाय, गावच्या घराचं मागचं दार अजून उघडत नाय, काशीबाईनं कळवलं. सुतार येऊन गेला, म्हनाला, बिजागरी बरी हाय, लाकूड बरं हाय. मी त्याला काय सांगू?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. कोरडा, स्वच्छ हात, रोह्याच्या साबणाचा वास येणारा. "पुढच्या दारानं जाईन मी, जायाचंच तं. पन मग तू तिथंच बसून ऱ्हाशील. तू ऊठ आता."

७

अमावस्या. दुपार. धनेश आत झोपलेला. मी टॉवेल काढला, कंप्यूटर लावला.

सगळ्या पट्ट्या हिरव्या होत्या. काठोकाठ हिरव्या. मी इतके आठवडे त्याला हात लावला नव्हता, तरी पोट भरलेलं, झोप पुरलेली. आणि तो कपाटासमोर उभा होता, तोंड कपाटाकडे, हात खाली सोडून. डोक्यावर फुगा नाही, काही नाही. काही मागणंच बंद केलेला माणूस.

नवा बांध आहे, मी स्वतःला सांगितलं. माणसं आहेत सोबत. मग लगेच, माती अजून ओली आहे, बसेल. मग पुन्हा, हा गेम आहे, पूजा, एक कपाट सरकवायचंय. आत्ता ओढलं नाही तर आबा वाचतील, असं एक मन म्हणत होतं. दुसरं विचारत होतं, कोण वाचेल? हा? हिरव्या पट्ट्यांवाला?

मी कपाट ओढलं.

मागे दार होतं. तो हलला नाही. दार आपोआप, हळूहळू, बाहेरच्या अंगाला उघडलं, आणि पहिल्यांदाच पलीकडे निव्वळ काळं नव्हतं. उंबऱ्याशी कुणीतरी बसलं होतं. पाठमोरं, गुडघे पोटाशी. माझ्या पुनवेच्या दिवशीच्या साडीचा पिवळा रंग. मी असं कुणी घडवलं नव्हतं. घरात एकच माणूस होता, मी एकच केला होता.

ती उठली. खूप वेळ बसलेल्या बाईसारखी, भिंतीला हात देऊन. माझ्या पाठीच्या कण्यातून एक कळ खालपर्यंत गेली. ती बाजूला झाली. तो पुढे आला, तिच्याजवळ थांबला, एक हात वर केला. नंतर पावसाने वीज गेली आणि पडदा विझला.

मी अंधारलेल्या काचेसमोर बसून राहिले. बारा वाजले. भोंगा झाला. साडेबारा. बाहेर कुंडलिका फुगून चालली असणार, तिच्या पाण्यालाही मागून भरती रेटत असणार. मी कान देऊन होते, जसं इथून काही ऐकू येणार होतं. लहानपणी आई अशीच चुलीपुढे बसायची, भाकरी करपली तरी, हाळी येईपर्यंत.

खाली फोन वाजला.

"पूजा! फोन गो!"

जिना कसा उतरले आठवत नाही. काशीबाई असणार. काशीबाईच असणार, आबांनी आयुष्यात कधी फोनला हात लावला नव्हता. रिसीव्हर कानाला लावला. आधी नुसता वारा, पाऊस, दुकानातली गडबड. मग खूप मोठ्याने, बांधावरून द्यावी तशी,

"पानी फिरलंऽऽ!"

कृष्णाबाई समोरून विचारत होत्या, काय झालं गो, बरं हाय ना समदं?

"आबा," मी कसंबसं म्हटलं, "बांध?"

"हाय जागच्या जागी. दारपन उघडलं. सुतार काय म्हनंल आता, फुकट पाठवला त्याला." ते हसले. किती दिवसांनी. मग आवाज खाली आला, दुकानातल्यांना ऐकू जाऊ नये एवढा. "आनि बाय..."

"काय, आबा?"

"केस धू जा. घाईत व्हतो, हात चिखलानं भरलेलाच लावला तुला."

कृष्णाबाई माझ्या डोक्याकडे बघत होत्या. माझ्या मानेवरून काहीतरी थंड, ओलं, हळूहळू खाली ओघळत होतं.

मी दचकले नाही.